आवळपंथी

डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षं इनामगावची घोडकाठची माती उपसली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं काढली, मडकी काढली, चार पायांच्या रांजणात बसवून पुरलेला एक गृहस्थसुद्धा काढला. (इनामगावातलं पहिलं चारपायी वाहन ते हेच, असं माझं आपलं मत आहे.) पण आवळपंथी त्यांना सापडले नाहीत. सापडणार कसे? ते जमिनीच्या वर आहेत, आणि आत्ता माझ्या प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटखाली डोकं घालून उभे आहेत.

या पंथाचं तत्त्वज्ञान एका ओळीचं: घट्ट ते चांगलं. बैलगाडीचा दोर, पंपाचा नट आणि स्पार्क प्लग, सर्वांना एकच न्याय. हाताचा जोर पुरला नाही तर पान्याला पाइप लावायचा आणि वर अभिमानानं सांगायचं, "आता तुमच्या नातवालाबी सुटायचा न्हाई, काका!"

अहो, पण प्लग सोडवायचाच असतो! त्यावरची काजळी पुसायची असते, फट मोजायची असते.

पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि प्लग पोलादी. या कुस्तीत चीत कोण होणार, हे सांगायला पंच कशाला? प्लग सहीसलामत बाहेर येतो, फक्त येताना हेडचे आटे सोबत घेऊन येतो. प्लग बाजारात मिळतो. हेड कुठून आणू? कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघायची बंद झाली त्याला दोन तपं उलटली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली.

"पण सैल राहिला तर?" हा आवळपंथीयांचा हुकमी एक्का. सैल नकोच! सैल प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, तो तापतो आणि इंजिनाचा घात करतो. पण सैल नाही म्हणजे पाइप लावून, हे कुठलं तर्कशास्त्र? इंजिन गार होऊ द्या. प्लगभोवतीची धूळ फुंका, नाहीतर उसाच्या रस्त्याची अर्धी माती सिलिंडरात जाईल. मग प्लग नुसत्या बोटांनी फिरवा. अडला तर जबरदस्ती नको, उलटा काढून पुन्हा लावा. बोटं थांबली, की नवा वायसर असेल तर पान्यानं अर्धा फेरा, फार तर किंचित जास्त. वायसर आधीच दबलेला असेल तर घड्याळाच्या मोठ्या काट्याची पाच मिनिटं, बस्स. टॉर्क पाना असेल तर सुमारे अडीच किलोग्रॅम-मीटर. आट्यांना ग्रीस फासलं तर त्याच मापात प्लग जास्त आवळला जातो, म्हणून तेही नको.

खरी मेख मात्र गाडीमालकांत आहे. मिस्त्रीच्या कपाळावर घाम दिसल्याशिवाय आपल्याकडे खिशातून नोट निघत नाही. बिचारा घाम काढतो.

परवा एका मिस्त्रींना मी हे सगळं प्रवचन ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हात पुसले आणि विचारलं, "म्हंजी मजुरीबी अर्ध्याच फेऱ्याची देणार का, काका?"