आजारपणाचं बिल कुणी भरायचं, हे ग्रामसभेत बोलू या

समस्त ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या गावकऱ्यांनो,



येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला घरटी किमान एक माणूस हजर राहावा, आणि त्याआधीच्या महिला सभेला झाडून साऱ्या बायकांनी यावं, यासाठी हे आवाहन करत आहे. विषय आरोग्याचा आहे. आजारपणाचा खर्च ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्यानंच सोसायचा, विमा कंपनीवर सोडायचा, की आपण सगळ्यांनी मिळून उचलायचा, यावर मोठ्या शहरांत परिषदा होतात, अग्रलेख येतात, वाहिन्यांवर भांडणं होतात. ज्यांच्या घरातून ही बिलं भरली जातात, त्यांचं म्हणणं मात्र कुठेच नोंदलं जात नाही. ते नोंदवायची हक्काची जागा म्हणजे आपली ग्रामसभा.

माझी सारी नोकरी सरकारी दवाखान्यांत झाली. उपकेंद्रात सुरुवात केली आणि ग्रामीण रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकासमोर मेडिकलचं दुकान असतं. रात्रपाळीला तिथे काय चालतं ते आम्हा सिस्टर लोकांनी रोज पाहिलंय. टोपीवाला शेतकरी चिठ्ठी पुढे करतो. दुकानदार सात औषधं काउंटरवर मांडतो आणि बेरीज सांगतो. हा बंडीच्या खिशातल्या नोटा काढून दोनदा मोजतो आणि विचारतो, "यातलं कुठलं नाही घेतलं तर चालंल?" आत वॉर्डात डॉक्टरनं विचार करून सात औषधं लिहिलेली असतात. बाहेर त्यांची पाच होतात, कधी तीन होतात. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. दहाच्या पाकिटातून चार कापून घ्यायच्या, संपल्या की बाजाराच्या दिवसापर्यंत थांबायचं. मग एखाद्या पहाटे लकवा होतो, आणि ज्या घरानं शंभर-दीडशे रुपयांच्या गोळ्या वाचवल्या, ते घर म्हैस विकून तालुक्याला धावतं. यात त्या माणसाचा निष्काळजीपणा नाही. पैसे कधी आणि कुणाकडून घ्यायचे, याची आपली रीतच चुकली आहे.

आजारी पडलेल्या माणसाकडून, तो आजारी असतानाच, रोख पैसे घेणं ही पैसे गोळा करायची सगळ्यात वाईट पद्धत आहे. त्याची मजुरी त्याच दिवशी बुडालेली असते. घासाघीस करायची त्याची स्थिती नसते. समोरचा सांगेल तो आकडा मान्य करण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. म्हणून माझं म्हणणं एकच आहे. दवाखान्याचे पैसे आजार येण्याआधी, सगळ्यांनी, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, करातून भरावेत; आणि आजाराच्या वेळी कुणाच्याही खिशाला हात लागू नये.

ही मागणी आजची नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीनं अहवाल दिला, त्याचं पायाभूत तत्त्वच हे होतं की पैसे देता येत नाहीत म्हणून कुणीही पुरेशा उपचारांवाचून राहू नये. देशाच्या आरोग्य खर्चाचा अधिकृत हिशेब सांगतो की २०१३-१४ मध्ये एकूण खर्चातल्या शंभर रुपयांपैकी ६४ रुपये लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये ते ३९ वर आले आणि त्याच काळात सरकारी खर्चाचा वाटा वाढून ४८ झाला. म्हणजे सरकारनं हात पुढे केला की घरावरचा भार हलका होतो. पण ३९ रुपयेही थोडे नाहीत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. करोनाचा मोठा खर्च झालेल्या २०२१-२२ सालीही तो १.८४ टक्के होता. राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पातले ८ टक्क्यांहून जास्त पैसे आरोग्याला द्यावेत, असंही त्याच धोरणात लिहिलं आहे. महाराष्ट्र त्याच्या पुष्कळ मागे आहे.

"एवढा पैसा आणायचा कुठून?" असं लगेच विचारलं जाईल. त्याचं उत्तर महाराष्ट्रानं स्वतःच एकदा दिलेलं आहे. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या जुन्या माणसांना आठवतो. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापली जायची, ती गावाकडच्या मजुराला काम मिळावं म्हणून. ज्याच्याकडे नियमित मिळकत आहे त्यानं, ज्याच्यावर आज वेळ आली आहे त्याच्यासाठी थोडं द्यावं, हे या राज्यानं कायदा करून मान्य केलं. रोजगार हमीचा विचार पुढे देशालाही पटला. कामाच्या बाबतीत जे जमलं, ते औषधपाण्याच्या बाबतीत का जमू नये?

शिवाय आपण कर भरतोच. साबण, बिस्किट, चपला, मोबाइलचं रिचार्ज, या सगळ्यांवर जीएसटी आहे, आणि तो शेतमजूर बाईही भरते. आयकरावर ४ टक्के उपकर लागतो, त्याचं नावच आरोग्य आणि शिक्षण उपकर आहे. तेव्हा सरकारी दवाखान्यात जी गोळी मिळते ती खैरात नव्हे. तिचे पैसे आपण आधीच दिलेले आहेत.

काही जण म्हणतील, आता विमा आहे, योजना आहे, मग तक्रार कसली? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत वेगळ्या नावानं सुरू झाली, आता ती सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोग यांसाठी तिनं अनेक घरं वाचवली आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती टिकली पाहिजे. पण ती दवाखान्यात भरती झाल्यावर, ठरलेल्या यादीतल्या आजारासाठी, नोंदलेल्या रुग्णालयातच चालते. ताप, खोकला, साखर, रक्तदाब, सांधेदुखी यांसाठी जो पैसा महिन्यामागून महिना झिरपत जातो, त्यावर तिचा इलाज नाही. खासगी मेडिक्लेमचंही तेच, आणि वय वाढेल तसा त्याचा हप्ता वाढतो. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्यालाच तो परवडेनासा होतो. विमा हा मोठ्या संकटातला आधार आहे. गावाजवळच्या चांगल्या सरकारी दवाखान्याची जागा तो घेऊ शकत नाही.

खासगी डॉक्टरांची बाजूही समजून घेतली पाहिजे. तालुक्याला दहा खाटांचं हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टरला बँकेचा हप्ता असतो, नर्सचा पगार असतो. योजनेचे पैसे महिनोन्‌महिने अडकले तर तो दार उघडं कसं ठेवणार? राजस्थाननं मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. तातडीच्या रुग्णाला पैसे न मागता उपचार द्यावेत, रुग्णाला बिल भरता आलं नाही तर सरकार भरपाई देईल, असं त्यात होतं. ते पैसे कधी आणि कसे मिळणार यावर विश्वास नव्हता, म्हणून खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. शेवटी एप्रिलमध्ये तडजोड झाली आणि पन्नासपेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालयं बाहेर ठेवण्याचं ठरलं. यातून धडा असा की हक्क लिहून भागत नाही, बिल कोण आणि किती दिवसांत भरणार हेही त्याच कागदावर लिहावं लागतं. आपल्या राज्यातल्या ज्या धर्मादाय रुग्णालयांनी ट्रस्ट म्हणून सवलती घेतल्या आहेत, त्यांची गोष्ट मात्र वेगळी. उच्च न्यायालयाच्या आदेशानं ठरलेल्या योजनेप्रमाणे त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखायच्या आहेत, बिलाच्या २ टक्के रक्कम त्यासाठी वेगळी काढायची आहे. तातडीच्या रुग्णाला दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार देणं त्यांना बंधनकारक आहे. हे ठाऊक नसल्यामुळे आपली माणसं अनामत रकमेसाठी सावकाराकडे जातात.

"फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही," असंही ऐकायला मिळतं. मी हजारो लसी टोचल्या, सगळ्या फुकट. पोलिओचे डोस फुकट होते, म्हणूनच ते शेवटच्या पाड्यापर्यंत पोचले, आणि जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा रुग्ण सापडला नाही. क्षयाची औषधं फुकट आहेत. २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण फुकट आहे. १०८ ची गाडी फुकट आहे. यातल्या कशाचीही किंमत लोकांनी कमी केली नाही.

आणि "सरकारी दवाखान्यात डॉक्टर नसतो, औषध नसतं" हा राग खराच आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून शस्त्रक्रियेपर्यंत सारं मोफत झालं. पण औषधाचा साठाच नसेल तर मोफत काय मिळणार? तामिळनाडूनं १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं, गोदामं बांधली, आणि त्यांच्या दवाखान्यांतली औषधं नियमित झाली. आपल्याकडेही २०२३ मध्ये खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला आहे. त्यातून आपल्या केंद्रात किती औषध पोचतं, ते आपणच मोजायला हवं. लोकांनी दवाखान्यावर देखरेख ठेवण्याचं काम महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांत २००७ पासून झालेलं आहे. जनसुनवाईत बायकांनी उभं राहून प्रश्न विचारले आणि बंद उपकेंद्रं उघडली. पैसा आणि पाळत, दोन्ही लागतं.

म्हणून कळकळीची विनंती, पुढची कामं आपण करू या.

१. ग्रामसभेत असा ठराव मांडू या: "आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली सर्व मंजूर पदं भरावीत. रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या उपकेंद्रात महिनाभर पुरतील इतक्या मोफत मिळाव्यात. राज्याच्या अर्थसंकल्पात आरोग्याचा वाटा ८ टक्क्यांवर न्यावा. जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांची देणी ठरलेल्या मुदतीत द्यावीत." ठरावाची प्रत तहसीलदार, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि आमदार यांना पाठवून पोच घेऊ या.

२. सरकारी दवाखान्यातून "बाहेरून आणा" म्हणून मिळालेली प्रत्येक चिठ्ठी आणि मेडिकलचं बिल जपून ठेवा. रुग्णाचं नाव झाकून त्याची झेरॉक्स ग्रामसभेत आणा. आरोप नुसते तोंडी राहतात, चिठ्ठ्यांची बेरीज नाकारता येत नाही.

३. आपल्या आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला वर्षाला किती निधी आला आणि कुठे खर्च झाला, याचा हिशेब सभेत वाचून दाखवायची मागणी करा. औषधसाठ्याचा फलक केंद्रात दर्शनी भागी लागला पाहिजे.

४. खासगी दवाखान्यात गेलात तर दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद कुठे लावली आहे ते पाहा. २०२१ च्या नियमांनी ती लावणं सक्तीचं आहे. तपशीलवार बिल आणि पावती मागा. तक्रार असेल तर लेखी करा. डॉक्टर-नर्सवर हात कधीही उचलू नका. तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्यानं गावातला आहे तो डॉक्टरही निघून जातो.

५. जन आरोग्य योजनेचं कार्ड आजच काढून घ्या. रेशनकार्ड आणि आधारवरच्या नावांत फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करा. ऐन वेळी भरती रुग्णाच्या उशाशी बसून ते होत नाही. नोंदलेल्या रुग्णालयात गेल्यावर आधी योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला भेटा.

६. शहरातल्या मंडळींनो, महापालिकेच्या अंदाजपत्रकात दवाखान्यांना किती दिलं, हे आपल्या नगरसेवकाला विचारा. चांगल्या दवाखान्यांसाठी कर भरायची तयारी आहे, असं ज्यांना म्हणता येईल त्यांनी ते मोठ्यानं म्हणा. "आमच्याकडून घ्या, पण दवाखान्यावरच खर्च करा," असं मध्यमवर्गानं म्हटलं तर कोणत्याही सरकारला पैसे नाहीत हे कारण सांगता येणार नाही.

आपल्यात पक्ष वेगळे आहेत, भावकीचे वाद आहेत, निवडणुकीतली तेढ आहे. ते सगळं दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करता येईल. २ ऑक्टोबरला मात्र एकच विषय घेऊन या. येताना चिठ्ठ्या आणा, बोलायची तयारी ठेवा, आणि ठराव वाचला जाईल तेव्हा हात वर करा. गणपूर्ती झाली नाही म्हणून ही सभा तहकूब होऊ देऊ नका.

आपली नम्र,
आरोग्य खात्यातून निवृत्त झालेली, आपल्याच गावची एक परिचारिका