वाफा उंच करा, पण झाड पुरू नका

पावसाळा आला की शाळेच्या परसबागेची तयारी सुरू होते. आवारात काळी चिकण माती असेल तर एक अडचण हमखास येते. ही माती भिजली की फुगते, तिच्यातली छिद्रं बुजतात आणि पाणी वरच साचून राहतं. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीतल्या हवेची जागा पाण्याने घेतली की मुळं गुदमरतात, कुजतात आणि रोप पिवळं पडतं.

निचरा कसा आहे ते आधी तपासा. 1 फूट खोल खड्डा करून पाणी भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसलं तर गादीवाफा करायलाच हवा. 3 ते 4 फूट रुंद, साधारण 1 फूट उंच. मातीत चांगलं कुजलेलं शेणखत मिसळलेलं आणि दोन वाफ्यांमध्ये उताराचा चर.

पण वाफा कुठे करायचा? जागा कमी म्हणून तो झाडाच्या बुंध्याला लागून केला जातो. माझ्या मते हे करूच नये. झाडाची मुळं फक्त खोल जातात, हा गैरसमज आहे. पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांच्यावर फूटभर माती टाकली की त्यांची हवा तुटते. बुंध्याला लागलेल्या ओल्या मातीने साल कुजते. हे नुकसान लगेच दिसत नाही. काही वर्षांनी झाड शेंड्याकडून वाळू लागतं, तेव्हा वाफ्याची आठवणही कुणाला नसते!

बरं, भाजीचाही यात फायदा नाही. झाडाची मुळं वर सरकून वाफ्यातलं खत-पाणी पळवतात. शिवाय टोमॅटो, वांगी, मिरची यांना रोज निदान 6 तास ऊन लागतं.

तुम्ही म्हणाल, "सर, दुसरी जागाच नाही." मग झाडाच्या घेराच्या कडेला कुंड्या किंवा मातीने भरलेल्या गोण्या ठेवा. त्यांत पालक, कोथिंबीर लावा. थोडी सावली त्यांना चालते. गोण्या उचलता येतात, पुरलेली मुळं पुन्हा मोकळी करणं अवघड असतं.

मेथी महिन्याभरात पुन्हा उगवेल. सावली देणारा कडुनिंब उभा राहायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून फावडं हातात घेण्याआधी एकदा मान वर करून फांद्यांचा घेर कुठवर आहे ते पाहा आणि वाफा त्याच्या बाहेर आखा.