आधीं छप्पर, मग शोभा

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु बांधलेलें घर थोडक्या पैशांत दुरुस्त करणें हें नवें घर बांधण्याहूनहि अवघड काम आहे, ह्याचा अनुभव पुष्कळांस असूनहि त्यासंबंधीं कोणी फारसें बोलत नाहीं. नव्या घरास निदान नकाशा तरी असतो; डागडुजीस तोहि नसतो. हातीं असलेला पैसा कोणत्या कामास आधीं लावावा व कोणत्या कामास मागाहून, ह्याचा विचार न करतां गवंडी, सुतार व रंगारी ज्या क्रमानें दारीं येतील त्याच क्रमानें तो निघून जातो. शेवटीं घर सुंदर दिसूं लागतें, परंतु राहावयास पूर्वींइतकेंच, क्वचित् पूर्वींहूनहि अधिक तापदायक होतें. प्रस्तुत लेखांत ह्या खर्चाच्या क्रमाविषयीं दोन शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आपल्या समाजांत घराची डागडुजी बहुधा लग्नकार्याच्या निमित्तानें निघते. पाहुणे येणार म्हणून दिवाणखान्यांत गुळगुळीत फरशा बसतात, दर्शनी भिंतीस झगझगीत रंग लागतो, छताखालीं प्लास्टरचें दुसरें नक्षीदार छत टांगलें जातें. आणि ह्या सर्वांसाठीं बहुधा कर्ज निघतें. मांडव उतरतो, पाहुणे जातात. कर्ज व उकाडा मात्र घरांत राहतात. घरांतील वृद्ध आई मागच्या पत्र्याच्या खोलींत निजते, स्वयंपाक करणारी गृहिणी भर दुपारीं पडवींतील पत्र्याखालीं चुलीजवळ उभी असते, आणि मुलें परीक्षेचा अभ्यास वरच्या मजल्यावर घामानें निथळत करितात. ह्यांच्यासाठीं त्या खर्चांतील एक रुपयाहि वेंचला गेलेला नसतो. पाहुण्यांच्या डोळ्यांकरितां सर्व कांहीं आणि घरच्यांच्या देहाकरितां कांहींच नाहीं, हा न्याय मला मान्य नाहीं. माझें मत थोडक्यांत असें आहे : प्रथम छप्पर, मग सावली व वारा, मग यंत्रें, आणि शोभा सर्वांच्या शेवटीं.

हा क्रम कां, तें सांगतों. महाराष्ट्रावर मे महिन्यांत सूर्य भर दुपारीं जवळजवळ डोक्यावर येतो. अशा वेळीं भिंतींपेक्षां छपरावरच उन्हाचा मुख्य मारा होतो. चार-पांच इंच जाडीची सिमेंटाची गच्ची दिवसभर ही उष्णता शोषून घेते, आणि संध्याकाळीं बाहेरची हवा निवाली कीं तीच उष्णता खालच्या खोलींत सोडूं लागते. रात्रीं अकरा वाजतांहि पंखा गरम वारा कां देतो, ह्याचें उत्तर हेंच. कारण पंखा हवा गार करीत नाहीं, तिला केवळ हालवितो. जुनी, काळवंडलेली गच्ची आपल्यावर पडलेल्या उन्हाचा जेमतेम चौथा हिस्सा परत फेंकते. तिलाच चुन्याची स्वच्छ सफेदी दिली, तर सुमारें तीन चतुर्थांश ऊन परत जातें. एवढ्यानें खालच्या खोलीचें तपमान दोनपासून पांच अंशांपर्यंत उतरल्याचें ठिकठिकाणीं आढळून आलें आहे. अहमदाबाद शहरानें २०१० च्या भयंकर उन्हाळ्यानंतर २०१३ मध्यें उष्णतेपासून बचावाची योजना आंखली व पुढें गरीब वस्त्यांतील छपरें पांढरीं करण्याचें काम तींत घेतलें. तेलंगण सरकारनें तर २०२३ मध्यें अशा थंड छपरांचें स्वतंत्र धोरणच जाहीर केलें.

ह्या कामास मोठा तज्ज्ञ लागत नाहीं. गच्ची खरवडून धुवावी, भेगा बुजवाव्या, पाण्याचा उतार नीट करून घ्यावा. चुना आदल्या दिवशीं भिजवून गाळावा, त्यांत थोडा सरस मिसळावा आणि दोन हात द्यावे. चुन्यानें डोळे व हात भाजतात, ह्याची मात्र काळजी घ्यावी. धुळीनें व पावसानें सफेदी मळते, म्हणून हें काम दरवर्षीं होळीच्या सुमारास करावें लागतें. तें शाकारणीसारखेंच वार्षिक काम समजावें. पत्र्याच्या खोलीस वरून पांढरा रंग द्यावा व आंतून पत्र्यापासून वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचें छत करावें. चुलीच्या वर मात्र तट्ट्या नकोत, तेथें आगीचें भय आहे. तसेच सिमेंटाच्या जुन्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतें. ते घांसूं अगर फोडूं नयेत, कारण त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे.

कौलारू घराची गोष्ट निराळी. १८६५ मध्यें बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला, आणि त्या धर्तीचीं चपटीं कौलें पश्चिम किनाऱ्यावर व घाटावरहि पसरलीं. म्हणून आजहि आपण त्यांस मंगलोरी कौलें म्हणतों. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा वर निघून जाते, हा त्यांचा मोठा गुण होय. खालीं लांकडी तक्तपोशी किंवा माळा असला तर मधल्या पोकळीमुळें खोली आणखी गार राहते. अशा घराचा मालक जेव्हां फुटकीं कौलें बदलून घेण्याऐवजीं सबंध छप्पर उतरवून उघडा पत्रा घालतो, तेव्हां तो पैसे मोजून उकाडा विकत घेतो, असेंच म्हणावें लागेल.

दुसरें काम सावलीचें व वाऱ्याचें. तिसऱ्या प्रहराचें ऊन पश्चिमेच्या भिंतीवर व खिडकीवर येतें. तें कांचेंतून आंत शिरल्यावर पडदा ओढणें म्हणजे चोर घरांत आल्यावर दारास कडी लावणें होय. ऊन बाहेरच अडविलें पाहिजे. त्यास छज्जा, बांबूची ताटी, किंवा जागा असल्यास भिंतीपासून दहा-बारा हात दूर लावलेला कडुनिंब उपयोगी पडतो. खोलीस समोरासमोर दोन खिडक्या व छताजवळ एक झरोका असावा. ते दुपारीं मिटावे आणि रात्रीं उघडावे. विदर्भ-खानदेशाच्या कोरड्या हवेंत वाळ्याच्या भिजविलेल्या ताट्या उत्तम काम देतात. कोंकणांत हवा मुळांतच दमट असल्यामुळें त्यांचा उपयोग थोडा. तेथें वाराच खेळता ठेवावा.

येथें कोणी म्हणेल, कीं जुन्या घरांचे गोडवे गाणें सोपें आहे, त्यांत राहणें सोपें नाहीं. हा आक्षेप खोटा नाहीं. गच्चीमुळें दरवर्षींची शाकारणी चुकते, उंदीर-घुशींचा उपद्रव कमी होतो, वाळवणास जागा मिळते. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत दगड-मातीच्या जाड भिंती व माळवदांचें ओझें ह्यांखालीं हजारों माणसें दडपून मेलीं, हें मराठवाडा कसा विसरेल? म्हणून भिंत फुगली असेल, कोपरे सुटले असतील, तुळईस वाळवी लागली असेल, तर तें आधीं जाणत्या माणसास दाखवावें. त्या ठिकाणीं काटकसरीचें नांवहि काढूं नये. गच्ची वाईट असें माझें म्हणणें नाहीं. उघडी, काळी व तापणारी गच्ची वाईट. परंतु भिंत धड असतां केवळ जुनी म्हणून ती पाडणें ही उधळपट्टी होय. सिमेंटाची भट्टी सुमारें १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते. म्हणजे नव्या भिंतीच्या प्रत्येक पोत्यामागें जळणाचा डोंगर असतो. धड भिंत राखली तर तेवढें जळण जगाचें व तेवढा पैसा आपला वांचतो. मातीच्या अगर चुन्याच्या भिंतीस सिमेंटाचा गिलावा मात्र देऊं नये. तिच्यांतील ओल कोंडून राहते आणि थोडक्याच पावसाळ्यांत पोपडे सुटतात. तिला चुन्याचाच गिलावा मानवतो.

थोडक्या पैशांत चांगलें घर होऊं शकतें, ह्याचें उदाहरण लॉरी बेकर (१९१७–२००७) ह्यांनीं घालून दिलें. हे इंग्रज वास्तुशिल्पी १९४५ मध्यें कुष्ठरोग्यांच्या सेवेचें काम करणाऱ्या मिशनसाठीं हिंदुस्थानांत आले व पुढें येथलेच झाले. हिमालयांतील पिठोरागड येथें बरींच वर्षें राहून तेथील गवंडी स्थानिक दगड-माती कशी वापरतात हें त्यांनीं पाहिलें, आणि नंतर केरळांत शेंकडों स्वस्त घरें बांधलीं. विटा उभ्या रचून मध्यें पोकळी ठेवण्याची त्यांची पद्धति सुमारें एक चतुर्थांश विटा वांचविते, आणि ती पोकळीच उष्णतेस आडवी येते. ज्यांस एखादी भिंत नव्यानें बांधावीच लागेल, त्यांनीं आपल्या गवंड्यास ही पद्धति अवश्य विचारावी.

छप्पर व सावली झाल्यावर यंत्रांकडे वळावें. साधा पंखा सुमारें ७५ वॉट वीज घेतो, नवा बी. एल्. डी. सी. जातीचा पंखा सुमारें ३० वॉटमध्यें तितकाच वारा देतो. दिवसाकाठीं बारा तास व वर्षांतून २५० दिवस पंखा फिरला, तर एका पंख्यामागें १३५ युनिटें वांचतात. युनिटास आठ रुपये धरल्यास हे १,०८० रुपये झाले. म्हणजे तीन हजारांचा पंखा तीन वर्षांत आपली किंमत फेडतो. ६० वॉटच्या जुन्या दिव्याचें काम ९ वॉटचा एल्. ई. डी. दिवा करितो. स्नानाचें शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यावयास सुमारें साडेतीन युनिटें लागतात. तेंच काम सौर बंब उन्हावर फुकट करितो. वातानुकूलन यंत्र घ्यावेंच लागलें, तर तें छप्पर पांढरें झाल्यानंतर घ्यावें. कदाचित् लहान यंत्रानें भागेल, कदाचित् लागणारहि नाहीं. प्रत्येक अंश वर ठेवल्यास सुमारें सहा टक्के वीज वांचते, असें ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचें सांगणें आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. तींत दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटास ३०,००० रुपये व तीन किलोवॉटांस एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरविलें गेलें. योजना चांगली आहे. तथापि फुटक्या रांजणांत पाणी भरण्यापूर्वीं रांजण बुजवावा, हें शहाणपण येथेंहि लागू आहे. तापणारें घर थंड करण्यासाठीं सूर्याची वीज वापरणें म्हणजे दुप्पट पत्रे बसवून निम्मा लाभ घेणें होय.

ह्या बाबतींत कायद्यावर विसंबून चालणार नाहीं. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेली ‘इको निवास संहिता’ पांचशें चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींचा विचार करिते. दोन खणांच्या घरापर्यंत ती पोहोंचत नाहीं. भाड्याच्या घरांची अडचण तर आणखी विचित्र आहे. भाडेकरू गच्ची रंगवीत नाहीं, कारण घर त्याचें नाहीं. मालक रंगवीत नाहीं, कारण विजेचें बिल त्याचें नाहीं. दोघांनीं निम्मा निम्मा खर्च सोसल्यास कोणासहि भार होणार नाहीं. ग्रामपंचायतींनीं उन्हाळ्यापूर्वीं पत्र्याच्या घरांस चुना पुरविला, तर तो खर्च एखाद्या कमानीच्या खर्चाहून खचित कमी होईल.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांस ह्यांत करण्याजोगें पुष्कळ आहे. साधा उष्णतामापक घेऊन घरांतील खोल्यांचें तपमान सकाळीं, दुपारीं तीन वाजतां व रात्रीं दहा वाजतां आठ दिवस टिपून ठेवा. मग गच्चीस सफेदी द्या व पुन्हां आठ दिवस टिपा. बाहेरच्या हवेचे आंकडेहि सोबत लिहा, म्हणजे तुलना खरी होईल. तुमच्या वडिलांस माझ्या लेखापेक्षां हे आंकडे अधिक पटतील. आणि रंगाऱ्यास बोलावण्यापूर्वीं, घरांतील सर्वांत अधिक तापणारी खोली कोणती व तींत कोण निजतें, एवढा प्रश्न घरांत एकदां अवश्य विचारा. डागडुजीचा पहिला रुपया त्या खोलीवर खर्च व्हावा.