‘अॅव्हरेज किती देते?’

मोटार विकत घेणारा माणूस आधी किंमत विचारतो आणि लगेच पुढचा प्रश्न टाकतो, ‘अॅव्हरेज किती देते?’ विक्रेता एक आकडा सांगतो आणि बोलणे पुढे सरकते. विद्यार्थी मित्रहो, उत्तरपत्रिकेत एकक लिहिले नाही तर आम्ही अर्धा गुण कापतो. मोटारीच्या आकड्याला एकक असते, पण तो कोणत्या परिस्थितीत मोजला हे कोणी विचारीत नाही. माझ्या मते येथे सगळेच गुण कापावेत. गाडी संकरित, म्हणजे हायब्रीड असेल तर नक्कीच.

हायब्रीड हा शब्द आपल्याकडे ज्वारीमुळे खेडोपाडी पोचला. मोटारीच्या बाबतीत त्याचा अर्थ असा, की चाके फिरविण्यास पेट्रोलचे एंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही साधने असतात. जिला बाहेरून वीज देता येत नाही अशा संकरित गाडीत सर्व ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. मग बचत कोठून होते?

समजा, १३०० किलोग्रॅमची गाडी सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा काढून पाहा. ती सुमारे १ लाख ४६ हजार ज्यूल भरते. सिग्नल लाल झाला, ब्रेक दाबला, की ही सारी ऊर्जा ब्रेक तापविण्यात खर्च होते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३.२ कोटी ज्यूल ऊर्जा असते. एंजिन त्यातली चौथाई कामी लावते असे धरले, तर हाती ८० लाख उरतात. म्हणजे तसा एक थांबा आपल्याला १८ मिलिलिटर पेट्रोलला पडतो, चहाचे साडेतीन चमचे! संकरित गाडीत ब्रेक दाबताच चाके मोटरला फिरवू लागतात, मोटर जनित्राचे काम करते आणि या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत जमा होतो. शिवाय खोळंबलेल्या रहदारीत एंजिन बंद राहते. मुंबईत रोज सिग्नलमागून सिग्नल ओलांडणाऱ्याला हा लाभ खराच मिळतो.

आता तीच गाडी मोकळ्या महामार्गावर ताशी १०० च्या वेगाने एकसारखी चालवा. ब्रेकच लागत नाही, तर परत काय मिळणार? उलट हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० चे १०० झाले की तो जवळजवळ २.८ पट होतो. तो बॅटरीने कमी होत नाही. अशा गाड्यांचे एंजिन साधारणपणे थोडे अधिक कार्यक्षम असते, तेवढाच काय तो फायदा.

घाटाबद्दल मात्र अनेकांचा गैरसमज असतो. चढताना गेलेले पेट्रोल उतरताना बॅटरीत परत येईल, असे त्यांना वाटते. लोणावळ्याहून खोपोलीला आपण सुमारे साडेपाचशे मीटर खाली येतो. आपल्या १३०० किलोच्या गाडीची स्थितिज ऊर्जा त्यात ७० लाख ज्यूलने कमी होते. टोयोटाच्या हायरायडर या संकरित गाडीची बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासाची आहे, म्हणजे सुमारे २७ लाख ज्यूल, आणि घाटमाथ्यावर ती रिकामी थोडीच असते! घर्षण आणि हवेचा विरोध वजा केला तरी उरलेली सगळी ऊर्जा तीत मावणार नाही. भांडे भरले की धार बाहेरच जायची.

मग जाहिरातीतला आकडा येतो कोठून? तो प्रयोगशाळेत येतो. गाडी रुळांवर उभी करून ठरलेल्या तक्त्याप्रमाणे चालवितात. २०२२ साली मारुतीच्या संकरित ग्रँड व्हिटारासाठी लिटरला २७.९७ किलोमीटर हा आकडा जाहीर झाला. तो ज्या भारतीय चाचणीचा, तिच्यात सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि सगळी चाचणी ११८० सेकंदांत, म्हणजे वीस मिनिटांच्या आत आटोपते. यात लबाडी नाही. सर्व गाड्या एकाच मापाने मोजल्या तरच त्यांची तुलना होते. माझा आक्षेप त्या मापाचे वचन करण्याला आहे. ४५ लिटरच्या टाकीला २७.९७ ने गुणायचे आणि ‘एका टाकीत बाराशे किलोमीटर’ म्हणायचे, हे गणित बरोबर असले तरी विज्ञान नव्हे.

अमेरिकेत २००८ च्या गाड्यांपासून चाचणीची पद्धत बदलली. अधिक वेग, जोरदार प्रवेग, थंडी आणि वातानुकूलन यांचा त्यात समावेश झाला. त्यामुळे २००४ च्या टोयोटा प्रियसचा आकडा गॅलनला ५५ मैलांवरून ४६ वर, म्हणजे लिटरला सुमारे २३.४ वरून १९.६ किलोमीटरवर आला. गाडी तीच, पेट्रोल तेच! युरोपात तर भिंतीतून वीज भरता येणाऱ्या संकरित गाड्या प्रत्यक्षात चाचणीच्या सरासरी साडेतीन पट इंधन घेतात, असे युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये सांगितले. साध्या गाड्यांत ही तफावत सुमारे २० टक्के होती. मालक जितक्या वेळा वीज भरतील असे चाचणीत धरले होते, तितक्या वेळा ते भरीत नव्हते.

प्रश्न घरच्या पैशांचा आहे. समजा, संकरित गाडीला दोन लाख रुपये जास्त पडले आणि पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये लिटर धरले. शहरात साधी गाडी १२ आणि संकरित २० देत असेल, तर दर १०० किलोमीटरला ३.३३ लिटर वाचतात. दोन लाख ६० हजार किलोमीटरांत वसूल होतात. महामार्गावर हेच आकडे १८ आणि २० असतील, तर वसुलीला ३ लाख ६० हजार किलोमीटर लागतील. लातूरहून पुण्याला ये-जा करणाऱ्याने आणि मुंबईत फिरणाऱ्याने एकच आकडा वाचून निर्णय घ्यावा, हे मला पटत नाही. शहर आणि महामार्ग यांचे आकडे वेगळे छापावेत, तेही ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ या स्वरूपात. १० चे २० झाले की शंभर किलोमीटरला ५ लिटर वाचतात, २० चे ३० झाले की फक्त १.६७. लिटरला किलोमीटर सांगितले की हा फरक झाकला जातो.

तोवर घरच्या किंवा शेजारच्या गाडीवर हा प्रयोग करून पाहा. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटरचा आकडा टिपा आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच भरून किती लिटर लागले ते लिहा. शहरातल्या आणि महामार्गावरच्या नोंदी वेगळ्या ठेवा. मात्र १०० किलोमीटरांवर थांबू नका. टाकी भरताना अर्ध्या लिटरची चूक सहज होते. ५ लिटरांत ती १० टक्के, तर ३० लिटरांत २ टक्क्यांहूनही कमी.