भाताची मूद आणि प्लास्टिकची बादली

'प्लास्टिक : शाप की वरदान?' या विषयावर तुमच्यापैकी अनेकांनी वक्तृत्वस्पर्धेत भाषण केले असेल. परीक्षक म्हणून अशी भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांत समुद्रातली कासवे येतात, गटारे तुंबतात आणि शेवटी 'वापर जपून करावा' असा निकाल लागतो. मात्र समोर ठेवलेली पाण्याची बाटली उचलून 'ही वस्तू अशी घडली' असे सांगणारा वक्ता मला अजून भेटलेला नाही. यात दोष वक्त्यांचा नाही. बहुवारिकांची लांबलचक साखळी आपण रसायनशास्त्राच्या तासाला शिकतो, नावे पाठ करतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. त्या साखळीची बादली कशी झाली, हे कोणत्याच तासाला येत नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे, कारण खरे भौतिकशास्त्र त्या घडणीतच आहे.

घरातली एखादी बादली उलटी करून पाहा. तळाच्या मध्यभागी एक खडबडीत ठिपका बोटाला लागेल. वितळलेले प्लास्टिक साच्यात शिरले ते या ठिकाणाहून. कारखान्यात त्याला 'गेट' म्हणतात. प्लास्टिकचे दाणे तापलेल्या नळकांड्यात मळसूत्राने पुढे ढकलत वितळवायचे, तो रस मोठ्या दाबाने बंद साच्यात भरायचा, थंड होऊ द्यायचा, साचा उघडून वस्तू बाहेर काढायची. हे झाले इंजेक्शन मोल्डिंग. १८७२ मध्ये अमेरिकेत हायट बंधूंनी अशा पहिल्या यंत्राचे पेटंट घेतले. मळसूत्राचे यंत्र मात्र १९४६ चे.

आता एक प्रश्न. बादली तोंडाशी रुंद आणि तळाशी अरुंद का असते? वाटीतून भाताची मूद पाडताना पाहा. वाटी उपडी केली की मूद अलगद सुटते, कारण वाटीचे तोंड रुंद असते. तांब्यातून मूद पाडता येईल का? साच्यात घडणाऱ्या प्रत्येक वस्तूला हा मुदीचा नियम पाळावा लागतो. एक-दोन अंशांचा का होईना, उतार हवाच. नाहीतर वस्तू साच्यातच अडकून बसेल.

दाबाचे गणित तर नववीतला विद्यार्थीही करू शकेल. डब्याचे ३० सेंमी व्यासाचे झाकण घ्या. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौ. सेंमी. साच्यातला दाब दर चौ. सेंमी.ला ३०० किलोग्रॅम-भार धरला, तर साच्याचे दोन अर्धे एकमेकांपासून ढकलणारे बल सुमारे २१२ टन होते. चाळीस हत्तींचे वजन! एवढ्या बलाविरुद्ध यंत्राने साचा घट्ट मिटून धरायचा असतो. पकड जराशी सैल पडली, तर फटीतून रस बाहेर येऊन कडेला पातळ पापुद्रा राहतो. स्वस्त खेळण्याच्या कडेला हात लावून पाहा.

थंड होण्याची वेळही अशीच विचार करायला लावणारी आहे. प्लास्टिक उष्णतेचे मंदवाहक असल्याने भिंतीच्या मधल्या भागातली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो, आणि तो वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २ मिमी जाडीच्या भिंतीला सहा-सात सेकंद लागत असतील, तर ४ मिमीला पंचवीसच्या आसपास. म्हणून खुर्चीची पाठ जाड न करता तिला मागून पातळ पट्ट्यांचा आधार देतात. माल वाचतो हे खरे; पण वाचलेले सेकंद कारखानदाराला मालाइतकेच मोलाचे असतात.

साच्यातल्या हवेचेही ऐका. रस वेगाने आत घुसतो तेव्हा तिला बाहेर पडायला बारीक वाटा ठेवाव्या लागतात. वाट नसेल, तर कोपऱ्यात कोंडलेली हवा एकदम दाबली जाऊन इतकी तापते की तिथले प्लास्टिक जळून काळा डाग पडतो. डिझेल इंजिनात इंधन पेट घेते ते याच तत्त्वाने.

मग तांब्यासारखी, आत पोकळ आणि गळ्याशी अरुंद वस्तू कशी करायची? फुगवून. पाण्याच्या बाटलीचे आधी परीक्षानळीसारखे जाडसर रूप इंजेक्शनने तयार करतात. आटे आणि तोंड तेव्हाच पुरे होतात. ही नळी सुमारे १०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून साच्यात ठेवायची, सळईने लांबवायची आणि हवेच्या दाबाने फुगवायची. तेलाचा कॅन थोड्या वेगळ्या रीतीने होतो. त्याच्या तळाशी जी आडवी शिवण दिसते, तिथे साच्याने मऊ नळी चिमटीत धरलेली असते.

नळ घरोघरी, पण पाणी दिवसांच्या अंतराने, अशा आपल्या मराठवाड्यात गच्चीवरची काळी टाकी कोणाला ठाऊक नाही? एवढी मोठी वस्तू दाबाने घडवायची तर साच्याचा खर्च परवडणार नाही. म्हणून पोकळ साच्यात पॉलिथिलीनची भुकटी घालतात आणि भट्टीत तो दोन अक्षांभोवती सावकाश फिरवतात. भुकटी वितळून आतून सगळीकडे थर धरते. दाब नाहीच, म्हणून साचा पातळ पत्र्याचा चालतो. टाकीचा काळा रंग काजळीचा. अतिनील किरण शोषून ती प्लास्टिकला तडकण्यापासून वाचवते.

शेतातल्या ठिबकच्या नळ्या म्हणजे सोऱ्याचे काम. सोऱ्यातून शेव पडते तसे वितळलेले प्लास्टिक ठरावीक आकाराच्या छिद्रातून अखंड बाहेर काढायचे आणि पाण्यात थंड करायचे. जळगावच्या जैन उद्योगाने पीव्हीसी पाइप आणि नंतर ठिबक याच रीतीवर उभे केले. फरक एवढाच की प्लास्टिकची 'शेव' छिद्रातून बाहेर पडताच फुगते. दाबून सरळ केलेले रेणू सुटका होताच पुन्हा वेटोळे घालतात. म्हणून छिद्र किती मोठे ठेवायचे हा हिशेबाचा भाग होतो.

ही सर्व उष्मामृदू प्लास्टिके, पुन्हा तापवली की पुन्हा मऊ होणारी. बेकेलाइटचे तसे नाही. कुकरची मूठ तापत्या साच्यात दाबून घडवतात आणि ती उकडलेल्या अंड्यासारखी कायमची घट्ट होते. आणि टेफ्लॉन? ते ३२७ अंशांना वितळते, पण वाहत नाही. वितळल्यावरही ते थंड डांबराहून घट्ट असते. म्हणून तव्यावर त्याचे सूक्ष्म कण फवारून भट्टीत भाजतात. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या शहरातल्या निर्लेपने हा तवा घरोघरी नेला.

येथे मूळ मुद्द्यावर येतो. वेफर्सची पुडी आणि बादली यांना एकच 'प्लास्टिक' म्हणून दोष देण्यात अर्थ नाही. तुटकी बादली वितळवून दुसरी वस्तू होते. पुडीत मात्र निरनिराळ्या प्लास्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा पातळ लेप एकत्र चिकटवलेले असतात. ते सुटे करणे फार अवघड, म्हणून भंगारवाला तिला हात लावत नाही. २०१८ मध्ये राज्याने पिशव्या आणि थर्माकोलची ताटे यांवर बंदी घातली, ती मला योग्यच वाटते. पण ती योग्य का, हे सांगायला घडणीचे ज्ञान लागते. कासवाचे चित्र पुरत नाही.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे साच्यांचे गाव आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि दुचाकींचे भाग पुरवणारे उद्योग भोवती उभे राहिले. वॅरॉकची सुरुवात तर प्लास्टिकच्या भागांपासूनच झाली. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत इंडो-जर्मन टूल रूम आहे, सिपेट ही प्लास्टिकचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तरीही 'दहावीला गुण कमी पडले, म्हणून टूल रूमला घातला' असे पालक माझ्यापाशी बोलतात, आणि शिक्षकही ते मान हलवून ऐकतात. पॉलिप्रोपिलीन थंड होताना सुमारे दीड टक्का आकसते, म्हणजे ३० सेंमीच्या झाकणात साडेचार मिलिमीटर. ते कोणत्या दिशेला किती आकसेल हे आधी ओळखून, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत पोलाद कापणाऱ्या माणसाला कमी बुद्धी पुरते, असे कोणी ठरवले? त्याच्या कामात उष्णतावहन आहे, श्यानता आहे, त्रिकोणमिती आहे. आमच्या महाविद्यालयात हेच धडे फळ्यावर होतात, एवढाच फरक.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. पुढच्या वर्षी वक्तृत्वस्पर्धेऐवजी वर्गात घरातल्या वीस वस्तू मांडा : कंगवा, टोपण, कॅन, स्विच, पाइपचा तुकडा. प्रत्येकीवरचा ठिपका, शिवण, गोल खुणा शोधायला लावा आणि ती कशी घडली याविषयी वाद घालू द्या. वस्तू जाळून मात्र पाहू नका. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते.

एक प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येईल. पाण्याची रिकामी बाटली पातेल्यात उभी धरून तीत जवळजवळ उकळते पाणी ओता. (हात चिमट्याने दूर ठेवा.) बाटली आकसून वेडीवाकडी होईल, पण तोंडाचे आटे बहुतेक जसेच्या तसे राहतील. असे का, याचे उत्तर बाटलीच्या घडणीत वर येऊन गेले आहे.