रविवार आमचाही आहे

लेखकाला सुट्टी कशाला हवी, असे आम्हाला सर्रास विचारले जाते. विचारणारे परके नसतात. संयोजक असतात, संपादक असतात, चळवळीतले जुने सोबती असतात. त्यांच्या लेखी आम्ही कामाच्या दिवशी नोकर आणि सुट्टीच्या दिवशी लेखक. मग माणूस म्हणून आम्ही बसायचे कधी, झोपायचे कधी, याचा हिशेब कुणी मांडत नाही. तो आता आम्हीच मांडतो.

आमच्यापैकी बहुतेकांनी पंचावन्नी ओलांडली आहे. कुणी शिक्षक, कुणी तहसील कचेरीत कारकून, कुणी एस.टी.च्या आगारात, कुणाचे शिलाईचे दुकान. मराठीत निव्वळ लेखणीवर चूल पेटत नाही. मुस्लिम मराठी लेखकाची तर नाहीच नाही. म्हणून सहा दिवस पोटासाठी आणि सातवा साहित्यासाठी, अशी वाटणी तरुणपणीच पडून गेली. पंचविशीत ते निभावले. आता रक्तदाबाची गोळी सकाळी, साखरेची जेवणाआधी आणि डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. शरीर थकबाकी मागू लागले आहे.

राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला आणि रोजच्या कामात पाऊण तास वाढवला. शाळा-महाविद्यालये त्यातून वगळली. म्हणजे आमच्यातल्या मास्तरांना तो शनिवार मिळालाच नाही. कारकुनांना मिळाला, तर तोही संयोजकांच्या डायरीत आधीच लिहिला गेला.

या सुट्ट्या जातात कुठे? पुस्तकात गेल्या असत्या तर तक्रार नव्हती. त्या जातात खुलाशात. सलोख्यावर परिसंवाद, एकात्मतेवर मेळावा, कुठे काही अघटित घडले की निषेध सभा. आणि व्यासपीठावरची एक खुर्ची आमच्यासाठी राखीव. तिथे आमच्या कथेबद्दल कुणी विचारत नाही. तलाकबद्दल विचारतात, बुरख्याबद्दल विचारतात. दीडशे किलोमीटर एस.टी.ने जायचे, तेच उत्तर विसाव्यांदा द्यायचे, शाल-श्रीफळ घेऊन रात्री बाराला घरी यायचे आणि सोमवारी सकाळी हजेरीपटावर सही करायची. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते आपले साहित्य आपल्या नावाने उभे राहावे म्हणून. समाजाचे कायमचे वकीलपत्र लेखकाच्या गळ्यात बांधावे म्हणून नव्हे.

काही मंडळी आम्हाला दुसराच धडा देतात. रविवार इंग्रजांचा, तुमचा दिवस जुम्मा. विश्रांतीची ही हौस कुठून आणलीत? या मंडळींनी सूरह जुमुआ पुन्हा वाचावी. अजान झाली की व्यवहार सोडून नमाजला यावे आणि नमाज संपली की पुन्हा पांगून रोजी शोधावी, असाच तिचा आदेश आहे. जुम्मा सामुदायिक प्रार्थनेचा दिवस आहे, सक्तीच्या सुट्टीचा नव्हे. पाकिस्ताननेही १९७७ साली साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी नेली आणि १९९७ साली पुन्हा रविवारी आणली.

आणि रविवार इंग्रजांनी दान दिलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगाराला हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून तिच्यासाठी सभा घेतल्या, अर्ज केले आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी ती मान्य केली. त्या गिरण्यांत घाटावरचे, कोकणातले कामगार होते, तसे मदनपुऱ्यातले मोमीन विणकरही होते. तेव्हा हा दिवस आमच्याही घामाचा आहे. मालकाकडून मिळवलेला दिवस आम्ही संयोजकाला का द्यावा?

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. रविवार भाषणाला द्यायचा नाही, तसा तो लिखाणालाही गहाण टाकायचा नाही. सुट्टीभर टेबलाशी बसणे ही दुसरी नोकरी झाली. रोज फजरनंतरचा अर्धा तास, एक पान, तेवढे पुरे. रविवारी कागद मिटलेला असावा. दुपारी कैलुला करावा, नातवंडाला घेऊन बाजारात जावे, जुन्या मित्राच्या दुकानात कारणाशिवाय बसावे. रोज उपवास आणि रात्रभर इबादत करणाऱ्या एका सहाबींना पैगंबरांनी (स.) बजावले होते की, तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या डोळ्यांचाही आहे. इबादतीलाही जिथे ही मर्यादा, तिथे प्रस्तावनेची आणि परीक्षणाची काय कथा!

आणि हे सारे लिहिताना आमच्या लेखिका भगिनींकडे पाहिले की मान खाली जाते. रविवार हा त्यांच्या कामाचा सर्वांत मोठा दिवस. खिमा-बिर्याणी त्यांची, पाहुणे त्यांचे, आठवड्याचे धुणे त्यांचे. पुरुष लेखकाने कैलुला करायचा आणि बाईने त्याच्या उशाशी चहा ठेवायचा, ही विश्रांती नव्हे, जमीनदारी आहे. घरातला रविवार दोघांचा होत नसेल, तर लोखंड्यांचे नाव घेण्याचा अधिकार आम्हाला नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. महिन्यातला एक रविवार चळवळीचा. तो आम्ही आनंदाने देऊ. बाकीचे मागू नयेत. साठीच्या लेखकाला बोलवायचे तर प्रवासखर्च आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय आधी सांगावी, शाल नंतर. संपादकांनी शनिवारी फोन करून सोमवारी लेख मागू नये. खुलासे हवे असतील त्यांनी आमची पुस्तके विकत घेऊन वाचावीत. उत्तरे त्यात लिहून ठेवली आहेत.

रविवारी जोहरपर्यंत आमचा फोन बंद राहील. कुणी राग मानू नये.