बाटलीवर ‘सल्फाइट’ मराठीतही लिहा

काजूचे बोंड झाडावरून उतरले की लगेच पाणी सोडते आणि आंबू लागते. सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्ग भागात मार्च ते मे या काळात बी काढून घेतली जाते आणि ढीगभर बोंडे बागेतच कुजतात. त्यांचा रस टिकवायचा तर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे व्यवसायातले ‘केएमएस’, मोठे कामाचे. ही पांढरी पूड आंबट रसात विरघळली की सल्फर डायऑक्साइड मोकळा होतो. तो यीस्ट आणि बुरशीला रोखतो, रस काळपट करणाऱ्या एन्झाइमलाही अडवतो. पकडलेल्या कोळंबीवर काळे डाग पडू नयेत म्हणून सोडियम मेटाबायसल्फाइट वापरतात, ते याच गुणामुळे. साखर कारखानेही गंधक जाळून उसाचा रस शुद्ध करतात. त्यामुळे ‘केमिकल’ म्हणून सल्फाइटवर सरसकट काट मारणे मला मान्य नाही. पण ते घालून वर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ छापणे त्याहून अमान्य आहे.

बहुतेकांना थोड्या सल्फाइटने काही होत नाही, दम्याच्या काही रुग्णांना मात्र त्याने धाप लागू शकते. असे गंभीर प्रकार घडल्यावर अमेरिकेने 1986 मध्ये कच्च्या खायच्या फळांवर आणि भाज्यांवर सल्फाइट वापरायला बंदी घातली. आपल्याकडे 2020 च्या लेबल नियमांनुसार किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर ॲलर्जीच्या घटकांत ते जाहीर करावे लागते. मात्र हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला तरी नियमाला पुरते, मराठी ऐच्छिक. बारीक अक्षरांतल्या ‘आयएनएस 224’ वरून मळगावच्या दमेकरी आजीने काय ओळखायचे?

उत्पादक म्हणतील, असे लिहिले तर गिऱ्हाईक बिचकेल. काही जण बिचकतीलही. पण एखाद्याला धाप लागली आणि कारण नंतर कळले, तर त्या एका बाटलीपायी साऱ्या घरगुती मालावरचा विश्वास जाईल. दुसरी अडचण खर्चाची सांगितली जाते. लेबलवर एक ओळ वाढवायला फारसे पैसे लागत नाहीत. खरा प्रश्न मोजण्याचा आहे. 1955 च्या फळ उत्पादन आदेशात स्क्वॅशसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा 350 पीपीएम होती. म्हणजे किलोला जेमतेम 0.6 ग्रॅम केएमएस. चहाचा एक चमचा भरून घातला तर ते साधारण आठपट होते. बचत गटाला आधी मशीन नको, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा हवा.

आणि सगळीकडे सल्फाइट लागतेही कुठे? कोकमाचा लाल रंग त्याने फिका पडतो, म्हणून कोकम सरबतात ते घालत नाहीत. आगळ तर नुसत्या मिठावर टिकते. जिथे ते लागते त्या बोंडाच्या सरबताची लेबले येत्या हंगामासाठी छापायला टाकाल, तेव्हा ठळक मराठीत एवढे घाला: ‘यात सल्फाइट आहे. दमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे.’